ग्लेन कुणाचं ऐकतो

“स्टँड,” ईडिथ ओरडली. तिचा कुत्रा ग्लेन पुढेच सरकला.

कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी आलेली मेंढरं बिचकली आणि उतारावर पांगली. फाटकाची दोरी ईडिथच्या हातात होती. मेंढपाळी कुत्र्यांच्या शर्यतीच्या नियमाने, मेंढरं आत जाईपर्यंत ती सोडता येत नव्हती. दुसऱ्या हातातली काठी नाचवत ती तिथल्या तिथे येरझारा घालू लागली. ग्लेनने मेंढरं पुन्हा वळवून आणली. कुत्रा गुणी होता, फक्त थांबत नव्हता.

इंग्लंडातल्या कंब्रियाच्या डोंगरात मेंढपाळाच्या तोंडी स्टँड म्हणजे एकच: आहेस तिथे थांब. कुत्रा थांबला की मेंढरांची भीती ओसरते, आणि मग समोरचं वाडगं त्यांना दिसतं.

“अगं, पोटातून म्हण,” कुंपणापलीकडून तिचा बाप आयझॅक खेकसला. “बटाट्याचा भाव विचारतेयस का त्याला?”

लोक हसले. ईडिथला हसू येईना. बापाने सकाळीच बजावलं होतं, ग्लेन तुझ्या शब्दावर थांबला तर कळप तुझा. नाहीतर यंदा सगळी मेंढरं लिलावात. जिच्या शब्दाला वजन नाही, तिने डोंगर चढूच नये.

“स्टँड. ग्लेन, स्टँड म्हणते ना.”

ग्लेन पुढे. पंचाने घड्याळ हातात घेतलं. ईडिथचा घसा बसला, धाप लागली. तिने काठी जमिनीत रोवली आणि तिच्यावर भार टाकून गप उभी राहिली.

ग्लेन गवतात खाली बसला.

मेंढरांनी इकडेतिकडे पाहिलं. एक म्हातारी मेंढी आत शिरली, तिच्यामागे बाकीच्या. ईडिथने फाटक ओढून घेतलं. टाळ्या पडल्या.

आयझॅक लगबगीने आला. “बघ. शेवटी कसं खणखणीत म्हणालीस.”

“बाबा, शेवटी मी बोललेच नाही. दम लागला म्हणून थांबले.”

“काहीतरीच. इकडे बघ.” तो ग्लेनला घेऊन चालू लागला. थोडं जाऊन कंबरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, “स्टँड.”

ग्लेन बसला. म्हाताऱ्याने ऐटीत मागे पाहिलं.

“आता चालता चालता म्हणा,” ईडिथ म्हणाली.

“त्यात काय.” तो निघाला. “स्टँड.” ग्लेन शेपूट हलवत मागोमाग. “स्टँड, गाढवा.” ग्लेन मागोमाग. चहाच्या तंबूपाशी पोचेपर्यंत म्हाताऱ्याचा आवाज चढत गेला आणि लोकांच्या हातातले पेले हिंदकळू लागले. अखेर कंटाळून तो थांबला. ग्लेन बसला.

आयझॅकने थांबलेल्या आपल्या पायांकडे पाहिलं, मग कुत्र्याकडे. मग त्यालाही हसू फुटलं. डोळे पुसत त्याने लेकीच्या खांद्यावर हात टाकला.

“ने बाई, कळप तुझा,” तो म्हणाला. “मला आपलं वाटायचं, घरात एक जण तरी माझं ऐकतो.”