आईची साक्ष

"लहानपणी हा मनापासून प्रार्थना करायचा का?" न्यायाधीशांनी आईला विचारलं.

पिंजऱ्यात तिचा मुलगा उभा होता. आपण धर्म सोडल्याचं त्यानं भर बाजारात सांगितलं होतं, आणि त्या राज्यात या गुन्ह्याला फाशी होती. कायदा मात्र मोठा न्यायी. ज्याची श्रद्धा कधी नव्हतीच, त्याला ती सोडल्याची शिक्षा होत नसे.

आईनं धर्मग्रंथावर हात ठेवला. जन्मात तिनं एकही उपास मोडला नव्हता. तिच्याबरोबर हट्टानं कडक उपास धरणारं एवढंसं पोर तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"कधीच नाही, सरकार. नुसते ओठ हलवायचा मेला! सगळं लक्ष प्रसादाच्या शिऱ्याकडे."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही हसले, त्यांना स्वतःचं लहानपण आठवलं. मुलगा निर्दोष सुटला.

बाहेर येताच त्याला रडू कोसळलं. "आई, ग्रंथावर हात ठेवून खोटं बोललीस? खोट्या शपथेला नरक आहे, असं तूच सांगायचीस ना?"

"आहेच," पदरानं त्याचे डोळे पुसत ती म्हणाली. "पण तू कशाला रडतोस? तुझ्या मते तर नरक नाहीच!"