न दाखवलेला सामना

पहिला ठोसा थोरल्याने मारला. केबलवाल्याचा खालचा ओठ फाटला, चष्मा उडून वायरींच्या भेंडोळ्यात पडला, तरी आतल्या खोलीच्या दारातून तो तसूभरही हलला नाही. दोन्ही हात चौकटीला घट्ट लावून त्याने तेच उत्तर पुन्हा दिले. हक्कांचा वाद मिटलेला नाही, परवानगी आलेली नाही, सामना दाखवता येणार नाही.

आठ दिवस सारी गल्ली हेच ऐकत होती. परदेशातले फुटबॉलचे सामने कोणी दाखवायचे, यावरून दोन कंपन्या कोर्टात भांडत होत्या. सकाळी एक म्हणे हक्क आमचे, दुपारी दुसरी म्हणे आमचे, आणि घरोघरी निळ्या पडद्यावर दिलगिरीच्या दोन ओळी. एरवी लोकांनी ते हसण्यावारी नेले असते. परंतु आज त्या दूरच्या मैदानावर थोरल्याचा धाकटा भाऊ प्रथमच उतरत होता. याच गल्लीतल्या खिडक्यांच्या काचा फोडत तो खेळ शिकला होता. त्याची बायको इथे सासरीच होती. तिला नववा महिना लागला होता, आणि दुपारपासून ती पाय उशीवर ठेवून त्या निळ्या पडद्यासमोर बसली होती. तुला सामना दाखवतोच, असा थोरल्याने तिला शब्द दिला होता. खेळ सुरू होऊन अर्धा तास उलटला, तेव्हा तो वीसएक माणसे घेऊन घराबाहेर पडला.

दुसऱ्या ठोशाने केबलवाला गुडघ्यांवर आला. न्हाव्याने त्याचे केस मुठीत धरून डोके चौकटीवर आपटले आणि आजची हजामत फुकट, असे जाहीर केले. दोघे-तिघे हसले. बेकरीवाल्याने दुकानाचे शटर ओढायची सळई सोबत आणली होती. ती त्याने पाठीवर आडवी हाणली. त्या झटापटीत केबलवाल्याच्या खिशातून एक कागद खाली पडला. थोरल्याने तो उचलून वाचला. कोर्टाचा निकाल लागला होता. सामना दाखवण्यास हरकत नाही, असे त्यावर स्पष्ट छापले होते. कागदावरची वेळ सामना सुरू झाल्यानंतर सातव्या मिनिटाची होती.



"परवानगी खिशात घालून आम्हाला झुलवतोस?" थोरला म्हणाला. "कुणाला विकला गेलास तू?"

"मला मार," केबलवाला म्हणाला. "हवं तितकं मार. पण आत जाऊ नकोस."

त्यानंतर जे झाले त्याला मारहाण हा शब्द अपुरा आहे. बरगडी मोडल्याचा आवाज बाहेर रस्त्यावर ऐकू गेला. पाय धरून त्याला दारातून ओढून काढले, तेव्हा चौकटीवर त्याच्या बोटांचे रक्त राहिले.

थोरला आत शिरला. केबलवाल्याची एक रीत होती. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याने न पाहता एक सिनेमा घरोघरी सोडला, ऐन जेवणाच्या वेळी नको ते दृश्य सगळ्यांसमोर आले, आणि थोरल्याच्या आईने त्याच्या दुकानात येऊन चार गिऱ्हाइकांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. तेव्हापासून प्रत्येक गोष्ट तो आतल्या छोट्या टीव्हीवर आधी स्वतः पाही आणि मगच पुढे सोडी. आज त्या टीव्हीची वायर भिंतीतून उपटलेली होती. मोठ्या यंत्राचे दिवे मात्र लागलेले होते. एक खटका दाबायचा अवकाश, की सामना घराघरांत पोचला असता.

थोरल्याने हात पुढे केला. त्याच क्षणी, ज्याला सगळ्यांनी मेल्यात जमा धरले होते तो उठला. बेकरीवाल्याच्या हातातली सळई हिसकावून तो आत घुसला. थोरल्याने डोके वाचवायला हात वर घेतले, पण घाव त्याच्यावर पडलाच नाही. तो यंत्रावर पडला. एकदा, दोनदा, पाचदा. काच उडाली, ठिणग्या उडाल्या, जळक्या वायरींचा वास खोलीभर पसरला. बारा वर्षे ज्या यंत्रावर घर चालवले, ते स्वतःच्या हातांनी भंगारात जमा करून केबलवाला भिंतीला टेकून खाली बसला.

थोरल्याने सळई उचलली आणि त्याच्या डोक्यावर धरली.

"थांब."

दारात थोरल्याची आई उभी होती. गल्ली तिला काकू म्हणे आणि तिच्यासमोर आवाज खाली आणी. गर्दी आपोआप दुभंगली. तिच्या हाताचा लौकिक सर्वांना ठाऊक होता. मागून कोणीतरी म्हणाले, काकू, एक माझ्याकडूनही द्या.

केबलवाल्याला चष्म्याशिवाय दिसत नव्हते, पण आवाज त्याने ओळखला. त्याने मान खाली घातली.

"हक्क मिळाले नाहीत हो, काकू," तो रक्त गिळत म्हणाला. "चूक माझी आहे. तुम्ही घरी जा."

तिने थोरल्याच्या हातातली सळई काढून घेतली आणि कोपऱ्यात ठेवली. मग ती खाली वाकली. हनुवटीला धरून तिने त्याचा चेहरा वर केला, तळहाताने त्याच्या तोंडावरचे रक्त पुसले.

"तू पाहिलंस?" तिने विचारले.

त्याने मान हलवली. 

ती ताठ उभी राहिली. तिचा आवाज रोजचाच होता, हुकमी आणि स्वच्छ.

"तिकडून मला फोन आला होता. धाकटा खेळता खेळता कोसळला, मैदानावरच गेला. सून अजून टीव्हीसमोर बसली आहे. मी तिला सांगेपर्यंत या गल्लीत कुणीही रडायचं नाही."