अंतोनीचं तोंड

अंगठी सापडली आणि विमलाबाईंची वाट लागली.

शनिवारी दुपारी तीनला, दिव्य दयेची जपमाळ संपता संपता. विमलाबाई लोपीस रोज तीनच्या ठोक्याला मुलाच्या कॉम्प्युटरसमोरच्या, चाकांच्या गरगर फिरणाऱ्या खुर्चीत बसायच्या आणि पन्नास वेळा देवाकडे दया मागायच्या. आज माळ पिशवीत परत ठेवताना बोट अस्तराच्या भोकात गेलं आणि आत काहीतरी गोल, गार लागलं. लग्नातली अंगठी. मणी ओढताना बोटाला अडकते म्हणून आपणच काढून पिशवीत टाकली होती, हे आता लख्ख आठवलं. आता आठवून काय उपयोग, म्हणा.

कारण अंगठी चोरीला गेली म्हणून बारा दिवस बाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. दहिसरच्या त्या दोन खोल्यांत माणसं तीन. मी घेणार नाही, माझा विकी घेणार नाही, मग उरलं कोण? उरली सून, दर्शना. बौद्ध घरातली पोर, साकीनाक्याच्या एका कारखान्यात कामाला, विकीने स्वतः पसंत केलेली. विमलाबाईंनी तिच्याशी बोलणंच टाकलं. शेवटी विकीचं डोकं फिरलं. त्याने साकीनाक्यालाच भाड्याची खोली बघितली. उद्या चर्चमधली रविवारची मिस्सा झाली की टेम्पो येणार होता. आतल्या खोलीत दर्शना बॅगा भरत होती. एकुलता एक मुलगा घर सोडून चालला होता, आणि कशापायी, तर एका फाटक्या अस्तरापायी.

सरळ आत जावं आणि म्हणावं की बाई गं, चुकले. चार पावलांचं तर काम. पण सासूची जीभ ती, अशी सहजासहजी वळते होय? त्यापेक्षा अंगठी आपोआप सापडली तर? म्हणजे विकीला सापडली तर? संत अंतोनीच्या नावावर खपून जाईल, आणि आपलं नाक शाबूत राहील.

तर हा अंतोनी. वीतभर उंचीचा पुतळा, कडेवर बाळ येशू, टीव्हीच्या वरच्या फळीवर उभा. हरवलेल्या वस्तू शोधून देणं हे याचं खातं. देईना, तर त्याचं तोंड भिंतीकडे करायचं. वस्तू सापडली की पुन्हा पुढे. विमलाबाईंच्या आईपासूनची रीत. फादरांना ती पसंत नव्हती, पण फादरांचं फारसं काही हरवत नसावं. अंगठी गेली त्या दिवशीच बाईंनी अंतोनीला भिंतीकडे वळवला होता. पण दुसऱ्या दिवशी बघतात तर स्वारी तोंड पुढे करून उभी. त्यांनी पुन्हा वळवला, तो पुन्हा पुढे. रोज हेच. सूनबाईंचा प्रताप, दुसरं कोण. फडकं मारते आणि वर याला सरळ करून ठेवते. हिला कुठली आमची रीत ठाऊक असायला? आणि सांगायची सोय नाही, कारण बोलणं बंद.

आत्ताही तो पुढेच बघत होता. विमलाबाईंनी त्याला उचलून भिंतीकडे केला. आज शिक्षा म्हणून नाही. आज त्याने बघू नये म्हणून. वरचा बघत असणारच, पण त्याच्याकडे दया मघाशीच पन्नास वेळा मागून झाली होती. बाई पाय न वाजवता मोरीपाशी गेल्या आणि अंगठी वॉशिंग मशीनच्या मागे सरकवून आल्या.

संध्याकाळी विकी दोरी आणि खोके घेऊन आला. माझा रुमाल मशीनमागे पडलाय, जरा बघ, असं आईने सांगितलं. रुमाल नव्हताच. विकी अंगठी घेऊन बाहेर आला.

मग विमलाबाईंनी जो थाट केला, तो बघण्यासारखा होता. छातीवर क्रूस काढला, डोळे मिटले, अंतोनीचे उपकार मानले. दर्शना दारात येऊन उभी होती. तिच्याकडे बघून बाई मोठ्या मनाने म्हणाल्या की झालं गेलं विसरून जाऊ, माझ्या मनात आता काही नाही. म्हणजे माफी मागायची ज्यांनी, त्यांनीच ती देऊन टाकली. विकीने बायकोकडे बघितलं. तिने होकाराची मान हलवली, तसा तो टेम्पोवाल्याला नको सांगायला फोन घेऊन गॅलरीत गेला.

दर्शना फळीपाशी गेली आणि तिने अंतोनीचं तोंड पुढे केलं. आज बरोबर फिरवलंस, विमलाबाई कौतुकाने म्हणाल्या. वस्तू सापडली की मगच फिरवायचं असतं, तू उगाच रोज फिरवत होतीस.

"ठाऊक आहे, मम्मी," दर्शना गॅलरीत ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली. "ही रीत विकीने पहिल्याच दिवशी सांगितली होती. दुसऱ्या दिवशी तुमची माळेची पिशवी उचलून ठेवताना अस्तरातली अंगठी हाताला लागली. मी काढून दिली असती तर मीच ठेवली, असं तुम्ही म्हणाला असतात. म्हणून रोज याला फिरवत होते. म्हटलं, हा पुढे का बघतोय, असं आज तरी तुम्ही विचाराल."

विमलाबाई कशाबशा त्या चाकांच्या खुर्चीत बसल्या आणि पायाने जमीन रेटत त्यांनी खुर्ची फिरवली, पार भिंतीला नाक लागेपर्यंत.

दर्शना मागे आली. तिने खुर्चीची पाठ धरली आणि खुर्ची अलगद पुन्हा पुढे वळवली.

"आता कशाला भिंतीकडे तोंड?" ती म्हणाली. "सापडलात ना तुम्ही."