क्लचमधली हवा

"दाब," गाडीखालून मिस्त्री म्हणाले.

वर सीटवर बसलेल्या त्यांच्या बायकोनं डावा पाय क्लचच्या पेडलवर ठेवून जोर लावला. पेडल काही अडकाठी न करता खाली गेलं.

"धर."

तिनं धरून ठेवलं. खाली मिस्त्रींनी हवा काढायचं निपल सैल केलं. नळीतून क्लच ऑइल बाटलीत उतरलं, सोबत चार-पाच बुडबुडे. त्यांनी निपल बंद केलं.

"आता वर घे."

हवा शिरलेलं पेडल आपणहून वर येत नाही. चवडा खाली घालून ते ओढावं लागतं. तिनं ओठ आवळून ओढलं.

"किती झाले?"

"सतरा. अहो, कालच सगळी हवा काढली होती ना?"

"काढली होती."

"मग रात्रीतून कुठून शिरली?"

"म्हातारी गाडी आहे. श्वास घेत असेल."

ती हसली. गाडी नाक्यावर असतानाच आवाजावरून दुखणं सांगणारा हा माणूस. आणि आता दोन महिने एकच क्लच. वॉशर बदलले, पाइप बदलला, तरी सकाळी पेडल खाली बसलेलंच. एक छोटा पाना तर ते हल्ली सदऱ्याच्या खिशातच ठेवत. जेवायला बसतानाही. वय झालं की असंच होतं, असं तिनं मनाशी धरलं होतं.

"काय मिस्त्री," शेजारचे मास्तर कुंपणावरून ओरडत, "गाडी दुरुस्त करताय की कुरवाळताय?"

"दोन्ही," मिस्त्री खालूनच म्हणत.

लेकीला मात्र हसू येत नव्हतं. परवा फोनवर ती म्हणाली, "आई, रविवारी मी दुसरा मेकॅनिक घेऊन येतेय. बाबांचे हात आता चालत नाहीत. आणि तूही काही कमी नाहीस. आजारपणानंतर पायांचे व्यायाम शिकवायला बाई पाठवल्या, त्यांना दोन दिवसांत पळवून लावलंस."

"पाय वर, पाय खाली! मी काय शाळेत आहे?"

बाईंनी दिलेल्या रबरी पट्ट्यानं तिनं रद्दी बांधून ठेवली होती.

रविवारचं तिनं मिस्त्रींना सांगितलं नाही. परक्या माणसानं त्यांच्या डोळ्यांदेखत दहा मिनिटांत तो क्लच नीट केला, तर ते पुन्हा पान्याला हात लावणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते म्हणतील तेव्हा ती दाबायची आणि म्हणतील तोवर धरायची. कुरकूर नाही.

शनिवारी साठाच्या पुढे बुडबुडे थांबले. पेडल घट्ट झालं.

"जड लागतंय?"

"लागू दे. तुम्ही तुमचं काम करा."

"अजून दहा वेळा दाब. खात्री करू."

तिनं सात वेळा दाबलं आणि आत फोन वाजला. कुणाचा असणार, ते तिला कळलं.

"आज सांगतेच तिला," म्हणत ती उतरली.

गाडीखालून मिस्त्रींना तिची फक्त पावलं दिसत होती. ती तरातरा अंगण ओलांडून गेली, तीन पायऱ्या चढली आणि दिसेनाशी झाली. मग आवाज आला, "कुणाला आणायचं नाही! तुझ्या बाबांना जमतंय. वेळ लागतोय, एवढंच!"

मिस्त्री सरपटत बाहेर आले. आजारपणापासून जिच्यावाचून ती स्वयंपाकघरातही जात नव्हती, ती काठी गाडीच्या दाराला टेकून उभी होती.

त्यांनी बाहीनं डोळे पुसले. गालाला ऑइल लागलं. मग रोज सकाळी ती आंघोळीला गेली की ज्यानं ते क्लचच्या पाइपचा नट अर्धा आटा सैल करत, तो छोटा पाना त्यांनी खिशातून काढला आणि अवजारांच्या पेटीत अगदी तळाशी ठेवून दिला.