पांढरी की निळी

सामान पोचवायला जुनी पिकअप घ्यायची होती आणि दोन मनात भरल्या होत्या. वीस वर्षं माझा टेम्पो सांभाळणाऱ्या मिस्त्रीकाकांना सोबत नेलं. दोन्हींची बॉनेटं उघडून, खाली वाकून बघून ते म्हणाले, "पांढरी घे. तिला माझ्या गॅरेजचं तोंडही बघावं लागणार नाही."

स्वतःचं गिऱ्हाईक स्वतःहून कोण तोडतं? काकांचा काहीतरी डाव असणार, असं वाटून मी गुपचूप निळी घेतली.

वर्षभरात आज पाचव्यांदा ती त्यांच्याच गॅरेजात ओढून आणली. मी मान खाली घालून उभा होतो. गाडीखालून बाहेर येत, हात पुसत काका म्हणाले,



"माझंच चुकलं रे. तुला तेव्हा नीट समजावून सांगायला हवं होतं."