टाचण्यांचा मासा

वडशाच्या नाटक कंपनीत नट्यांना लुगडी नेसवताना ताराबाई डझनभर टाचण्या ओठांत धरायची. शिंकली की समोरची नटी साळिंदर व्हायची. एखादी टाचणी घशात अडकेल या धास्तीनं तिचा नवरा, तळ्यावरचा मासेमार बाबुलाल, निम्मा झाला. अखेर जाळी विणणाऱ्या बोटांनी त्यानं मखमलीवर रेशमी मासा भरला, टाचण्यांसाठी मनगटावर बांधायची गादी शिवली आणि शेवटचा दोरा दातानं तोडून तिच्यापुढे धरली. “हा मासा हाय का बेंडूक?” तिनं विचारलं. “बेंडूक समज, पण टाचण्या तोंडात नोको घेऊ.” हसत तिनं गादी बांधली, टाचण्या खोचल्या अन् तीस वर्षं कामात मिटलेलं तोंड सुटलं! बाबुलालचं घोरणं, लग्नातलं रडणं, सारं नट्यांना ऐकवलं. तिला न्यायला आलेल्या नवऱ्याला पाहून मॅनेजर ओरडला, “बाबुलालभाऊ, आवरा हिले!” लाजलेला बाबुलाल म्हणाला, “बोलू द्या भाऊ. गळा साबूत हाय तिचा.”