गुरुवारची सुट्टी

ज्योतीराम शेठच्या चाकणच्या वर्कशॉपला गुरुवारी सुट्टी. बुधवारी संध्याकाळी ऑफिसातला कॉम्प्युटर स्लीपवर टाकायचा आणि शटर ओढायचं, हा रिवाज. तरी शुक्रवारी शेठ येऊन बघतात तर कॉम्प्युटर टक्क जागा. हे दर आठवड्याला व्हायला लागलं तशी त्यांची खात्रीच पटली, सुट्टीचा मोका साधून कुणीतरी आपली ड्रॉइंग पळवतंय. आणि कॉम्प्युटरातलं कळणारा माणूस वर्कशॉपात एकच, डिझाइनचं काम बघणारा नवनाथ.

"नेटवर्कवरून उठवतंय कुणीतरी," नवनाथ सेटिंग बघून म्हणाला. "घरून काम बघता यावं म्हणून तुम्हीच ही सोय करून घेतली होती ना, शेठ. बंद करू का?"

"राहू दे," शेठ त्याच्याकडे रोखून बघत म्हणाले. "आधी चोर सापडू दे."

पुढच्या गुरुवारी "कंपनीत अर्जंट काम आहे" असं घरी नेहमीचंच सांगून ते निघाले. वर्कशॉपचं शटर आतून ओढून घेतलं आणि कॉम्प्युटरसमोर खुर्ची टाकून बसले. दुपारी स्क्रीन आपोआप उजळली. माउसला हात न लावता बाण सरकला, कॅमेरा सुरू झाला आणि स्क्रीनवर शेठना स्वतःचाच चेहरा दिसला.

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. घरून बायकोचा, विजयश्रीचा फोन होता.



"अगंबाई, आज खरंच कंपनीत गेलात की."